व्हीएममध्ये जागा मोकळी, तरी डिस्क भरलेली : घरच्या सर्व्हरवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या ‘आयओ-एरर’चे निवारण

घरच्या सर्व्हरवरील एखादी व्हर्च्युअल मशीन (एकाच संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक), म्हणजे व्हीएम, अचानक गोठते. व्हीएम चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्स या प्रणालीच्या पडद्यावर तिच्या नावाशेजारी पिवळा त्रिकोण उमटतो, स्थितीच्या रकान्यात ‘आयओ-एरर’ (डिस्कवर वाचण्या-लिहिण्यातील त्रुटी) असे दिसते, आणि आदल्या दिवशीच त्या व्हीएमच्या आत पाहिलेली डिस्क तर निम्म्याहून अधिक मोकळी असते. काही तरी पुसून, काही तरी बंद-चालू करून गाडी पुढे ढकलता येते, पण चार-पाच आठवड्यांनी तोच त्रिकोण पुन्हा दिसतो. माझ्याकडे हे तीन वेळा घडले. पहिल्या दोन वेळी मी जे केले त्याने मूळ दोष तसाच राहिला, म्हणून चुकलेल्या वाटेसह सगळे येथे मांडतो.

आधी रचना सांगतो. सर्व्हर म्हणजे एक जुना डेस्कटॉप, त्यात ५०० जीबीचा एसएसडी, आणि बॅकअपसाठी यूएसबीने जोडलेली एक बाह्य डिस्क. प्रॉक्समॉक्स बसवताना मी मांडणीत काहीही बदल केला नव्हता. पहिल्या व्हीएममध्ये विंडोज आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर असून तिला १२० जीबीची डिस्क दिली होती. दुसरीत, म्हणजे क्रमांक १०२ मध्ये, उबुंटूवर कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा रेकॉर्डर, तिला २०० जीबी. तिसरीत घरातील छायाचित्रे, १०० जीबी. आणि चौथी माझ्या प्रयोगांसाठी, ६० जीबी. घर सोलापूरच्या पूर्व भागात आहे, तळमजल्यावर धाकट्या भावाचे टॉवेलचे यंत्रमाग चालतात आणि वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. त्यामुळे सर्व्हर घरचा असला तरी तो बंद पडल्याचे पहिल्यांदा कळते ते खालूनच : “दादा, बिल निघेना.”

पहिल्या खेपेला मार्च संपत आला होता आणि उन्हाचा तडाखा सुरू झाला होता. सोलापुरात उन्हाळ्यात कोणतेही यंत्र बंद पडले की दोष आधी उन्हाला आणि मग विजेला दिला जातो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. त्या दिवशी दुपारी वीज दोनदा गेली होती. मी डेस्कटॉपचे बाजूचे झाकण काढले, तर पंख्याच्या मागे हीटसिंकच्या फटींवर सुती तंतूंची करडी गादी बसलेली होती. नखाने एक कोपरा सोडवून ओढली तेव्हा ती अख्खी, एका तुकड्यात निघाली, आणि तिच्यात टॉवेलच्या काठाचा गुलाबी धागाही गुंतलेला होता. एवढा स्पष्ट अपराधी हाती लागल्यावर आणखी शोध कोण घेतो? पंखा साफ केला, सॅटा केबल काढून पुन्हा बसवली, स्मार्टसीटीएल या कमांडने एसएसडीची प्रकृती तपासली (बदललेले सेक्टर शून्य, केबलच्या चुका शून्य), आणि जाता जाता नको असलेली चौथी व्हीएम पुसून टाकली. सर्व्हर सुरळीत चालू लागला. श्रेय पंख्याला मिळाले, प्रत्यक्षात उपयोग झाला होता तो त्या पुसलेल्या व्हीएमचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो हा प्रकार, फरक इतकाच की बंबाचे थोडे पाणी चुकून आगीवरही पडले.

दुसऱ्या खेपेला, एप्रिलअखेर, मी १०२ च्या आतील जुने चित्रण पुसले. काहीच फरक पडला नाही. मग विंडोजचा एक जुना स्नॅपशॉट, म्हणजे त्या व्हीएमची एका क्षणीची जपून ठेवलेली अवस्था, काढून टाकला, तेव्हा सगळे पुन्हा सुरू झाले. हा फरक लक्षात घेण्याजोगा होता, कारण व्हीएमच्या आतून पुसलेले उपयोगी पडत नव्हते आणि बाहेरून पुसलेले पडत होते. निदान याच ठिकाणी व्हायला हवे होते. ते झाले तिसऱ्या खेपेला.

खरे कारण

तिसऱ्या वेळी मी व्हीएमच्या पडद्याऐवजी खुद्द सर्व्हरची नोंदवही उघडली. डीमेसेग ही कमांड दिल्यावर डिव्हाइस-मॅपरच्या ओळींमध्ये ‘स्विचिंग पूल टू आउट-ऑफ-डेटा-स्पेस मोड’ असे स्वच्छ लिहिलेले होते. त्यानंतर एलव्हीएस ही कमांड दिली. तिच्या तक्त्यात ‘डेटा’ नावाच्या पूलच्या, म्हणजे सर्व व्हीएमच्या डिस्कांसाठीच्या सामाईक साठ्याच्या, ओळीत भरलेल्या जागेची टक्केवारी १००.०० होती, आणि रेकॉर्डरच्या डिस्कच्या ओळीत ९९. त्याच रेकॉर्डरची मी आदल्या आठवड्यात आतून डीएफ या कमांडने तपासणी केली होती, तेव्हा तो जेमतेम ४७ टक्के भरलेला होता. एकाच डिस्कचे दोन आकडे, आणि दोन्ही खरे.

याचे कारण असे. प्रॉक्समॉक्स नेहमीच्या पद्धतीने बसवले की एलव्हीएम, म्हणजे लिनक्सची डिस्कची जागा वाटणारी व्यवस्था, एसएसडीवर वापरली जाते; ‘पीव्हीई’ नावाचा व्हॉल्यूम ग्रूप (जागेचा एकत्र गट) तयार होतो आणि त्यात व्हीएमच्या डिस्कांसाठी एक थिन पूल असतो. थिन पूलमध्ये २०० जीबीची डिस्क दिली म्हणजे २०० जीबी बाजूला काढून ठेवले जात नाहीत. व्हीएम जसजशी नव्या ठिकाणी लिहील तसतसे पूलमधून तुकडे तिच्या नावावर चढतात. त्यामुळे असलेल्या जागेपेक्षा अधिक जागा वाटता येते. मी नेमके तेच, न कळत, केले होते. ५०० जीबीच्या डिस्कवर उत्पादक एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असे मोजतो, तर एलव्हीएम १०२४ च्या पटीने मोजते, म्हणून तेथे ४६५ च दिसतात. त्यातून रूटसाठी (प्रॉक्समॉक्सच्या स्वतःच्या फाइलींसाठी) ९६, स्वॅपसाठी (रॅम कमी पडल्यास वापरायची जागा) ८, पूलच्या स्वतःच्या नोंदींसाठी थोडी आणि राखीव १६ एवढी जागा वगळल्यावर पूलच्या वाट्याला सुमारे ३३८ आले. मी वाटले होते ४८०.

वाटप जास्त असणे हा स्वतःहून दोष नव्हे, थिन पूलचा हेतूच तो आहे. दोष पुढच्या टप्प्यात होता. व्हीएमच्या आत फाइल पुसली की तेथील फाइलसिस्टम आपल्या वहीत ती जागा मोकळी लिहून घेते. पण ‘हे तुकडे आता मला नकोत’ असा निरोप तिने खाली पाठवला नाही, किंवा मधल्या कोणी तो अडवला, तर पूलच्या वहीत ते तुकडे तिच्याच नावावर राहतात. खाली भावाच्या गोदामातही हेच होते : माल विकला जातो, बिलबुकात नोंद पडते, पण मांडणीवर अडकवलेली पार्टीच्या नावाची चिठ्ठी कोणी काढत नाही, आणि रिकाम्या मांडणीवर दुसरा माल ठेवायला कामगार धजत नाही. रेकॉर्डर हा या बाबतीत सर्वांत वाईट ग्राहक. तो सात दिवसांचे चित्रण ठेवतो, रोज सुमारे १३ जीबी नवे लिहितो आणि तेवढेच जुने पुसतो. कोणत्याही क्षणी त्याला ९२ जीबीच लागतात, पण नवे चित्रण जुन्याच जागी पडेल असे नसल्याने काही आठवड्यांत तो आपल्या २०० जीबीच्या कानाकोपऱ्यात एकदा तरी लिहून येतो.

निरोप पोहोचतो की नाही हे तपासायला उबुंटूमध्ये एलएसबीएलके ही कमांड ‘डॅश मोठा डी’ या पर्यायासह द्यावी. डिस्कच्या ओळीत ‘डिस्क-ग्रॅन’ आणि ‘डिस्क-मॅक्स’ या रकान्यांत शून्य असेल, तर त्या व्हीएमला जागा परत करण्याची सोयच मिळालेली नाही. माझ्याकडे दोन्ही रकाने शून्य होते. असा निरोप पाठवणाऱ्या एफएसट्रिम या कमांडचा उबुंटूमधील साप्ताहिक टायमर आत इमानेइतबारे चालत होता, आणि त्याचे म्हणणे दारातूनच परत फिरत होते.

गोठलेल्या क्षणी काय करावे

येथे घाई नडते. पूल भरल्यावर लिहिण्याच्या मागण्या नेहमीच्या व्यवस्थेत ६० सेकंद थोपवून धरल्या जातात, मग त्रुटी परत येते, आणि व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा क्यूईएमयू हा प्रोग्रॅम जागा संपल्याची त्रुटी पाहून व्हीएमला आहे त्या अवस्थेत थांबवतो. म्हणजे ती मेलेली नसते, थांबलेली असते. तिची रॅम शाबूत असते आणि डिस्कवर उतरायचा मजकूर अजून तिच्या हातात असतो. अशा वेळी ‘स्टॉप’ किंवा ‘रीसेट’ दाबणे म्हणजे हिशेबाची फाइल अर्धवट सोडून वीज घालवण्यासारखेच आहे. मी पहिल्या दोन्ही वेळी नेमके तेच केले. एकदा हिशेबाच्या सॉफ्टवेअरने उघडताच माहिती दुरुस्त करायला लावले, तेव्हा भावाने जे ऐकवले ते येथे लिहीत नाही.

आधी पूलमध्ये जागा करावी, मगच व्हीएमला हात लावावा. मोठी डिस्क असेल तर प्रॉक्समॉक्स बसवताना व्हॉल्यूम ग्रूपमध्ये १६ जीबी मोकळे राखले जातात. व्हीजीएस कमांडच्या ‘व्हीफ्री’ रकान्यात ते दिसतात, आणि अनेकांना त्यांचा पत्ताच नसतो. एलव्हीएक्स्टेंड या कमांडला ‘डॅश मोठा एल’ या पर्यायापुढे अधिक ८ जी आणि नंतर पीव्हीई/डेटा असे नाव दिले की पूल त्या क्षणी वाढतो. त्यानंतर क्यूएम रिझ्यूम १०२ दिल्यावर माझा रेकॉर्डर जेथे थांबला होता तेथून पुढे चालू लागला. सगळेच्या सगळे १६ जीबी मात्र देऊन टाकू नयेत. पूलच्या नोंदींमध्ये कधी बिघाड झाला, तर एलव्हीकन्व्हर्ट रिपेअर या पर्यायाला दुरुस्त प्रत लिहिण्यासाठी व्हॉल्यूम ग्रूपमध्येच मोकळी जागा लागते, आणि ती नसलेल्या दिवशी आठवण होऊन उपयोग नसतो. राखीव जागा उरलीच नसेल, तर नको असलेले स्नॅपशॉट किंवा नको असलेली व्हीएम बाहेरून पुसावी. आतून फाइली पुसण्यात वेळ घालवू नये; थांबलेल्या व्हीएममध्ये तसे शिरताही येत नाही.

कायमचा उपाय

व्हीएमच्या हार्डवेअरच्या पानावर डिस्क निवडून ‘एडिट’मध्ये ‘डिस्कार्ड’ या चौकोनात खूण करावी. डिस्क व्हीएमला जोडणारा कंट्रोलर व्हर्टआयओ स्कझी ठेवावा. व्हर्टआयओ ब्लॉकलाही ही सोय क्यूईएमयू ४.० पासून आहे, पण व्हीएममधील लिनक्स कर्नेल ५.० च्या आधीचे असेल तर ती चालत नाही. खूण केल्यावर बदल नारिंगी रंगात दिसतो, म्हणजे तो अजून लागू झालेला नाही. व्हीएमच्या आतून रीस्टार्ट केल्याने तो लागू होत नाही, कारण क्यूईएमयूची प्रक्रिया तीच राहते. प्रॉक्समॉक्सवरून पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावी लागते. या एका गोष्टीने माझी अख्खी संध्याकाळ खाल्ली.

मग उबुंटूच्या आत एफएसट्रिम ‘डॅश एव्ही’ पर्यायासह दिले. मिनिटभर काही हालले नाही, नंतर एक ओळ आली : सुमारे १०६ जीबी ट्रिम झाले. सर्व्हरवर एलव्हीएस पाहिले तर रेकॉर्डरची डिस्क ९९ वरून ४६ टक्क्यांवर उतरली होती. विंडोजमध्ये ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ हे जुनेच साधन उघडून ‘ऑप्टिमाइझ’ दाबले, तिथून ५३ जीबी परत आले. ३४६ जीबीचा झालेला पूल ५२ टक्क्यांवर स्थिरावला. व्हीएमऐवजी कंटेनर (सर्व्हरचेच कर्नेल वापरणारा हलका पर्याय) वापरणाऱ्यांनी आत जाण्याची गरज नाही. सर्व्हरवरूनच पीसीटी एफएसट्रिम आणि कंटेनरचा क्रमांक दिला की काम होते.

उबुंटूचा टायमर आठवड्यातून एकदा चालतो. एरवी तेवढे पुरते, पण रोज १३ जीबी पुसणाऱ्या रेकॉर्डरसाठी आठवडाभराची उधारी ९० जीबीच्या घरात जाते, म्हणून १०२ मध्ये तो रोज पहाटे चालेल असा बदलला. फाइलसिस्टम माउंट करताना ‘डिस्कार्ड’ हा पर्याय देऊन प्रत्येक पुसण्याबरोबर निरोप पाठवण्याचाही मार्ग आहे. मला रोजचा एकरकमी हिशेब अधिक पसंत पडला.

हे सर्व झाल्यावर रूट वापरकर्त्याच्या क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी चालायच्या कामांच्या यादीत, दर तासाला पूलची टक्केवारी पाहून ८० च्या वर गेल्यास मेल पाठवणारी चार ओळींची स्क्रिप्ट टाकली. एलव्हीएमच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये थिन पूल आपोआप वाढवण्याची मर्यादा असते. ती मुळात १०० वर असते, म्हणजे बंद. मी ती बंदच ठेवली आहे, कारण व्हॉल्यूम ग्रूपमध्ये शिल्लक ८ जीबी असताना आपोआप वाढ म्हणजे संकट अर्ध्या दिवसाने पुढे ढकलणे, आणि तेही मला न सांगता. दुसरी डिस्क जोडून ग्रूपमध्ये भरपूर जागा केलेल्यांनी ती जरूर चालू करावी.

तो मेल महिनाभरातच आला. डिस्कार्ड चालू, ट्रिम रोज होत असलेले, तरी पूल आठवड्याभरात ५२ वरून ८० च्या वर. या वेळी कारण मीच होतो : रेकॉर्डरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यापूर्वी १०२ चा स्नॅपशॉट घेतला होता आणि तो काढायचा राहिला होता. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणीच्या सर्व तुकड्यांवर लावलेली ‘हात लावू नये’ अशी पाटी. रेकॉर्डर जुने चित्रण पुसतो, ट्रिमचा निरोपही जातो, पण तुकडा स्नॅपशॉटच्याही नावावर असल्यामुळे पूल तो सोडत नाही. सात दिवसांत जुने ९२ जीबी पूर्णपणे स्नॅपशॉटकडे अडकले आणि नवे ९२ शेजारी उभे राहिले. स्नॅपशॉटमुळे एखादी व्हीएम तिला दिलेल्या आकारापेक्षाही जास्त जागा व्यापू शकते, हे त्या दिवशीपर्यंत माझ्या ध्यानी आले नव्हते. स्नॅपशॉट घेताना रॅमही समाविष्ट केली असेल, तर नावात ‘स्टेट’ असलेला आणखी एक व्हॉल्यूम तयार होतो, तोही मोजावा. आता मी स्नॅपशॉटच्या वर्णनात तो काढण्याची तारीख लिहितो. बॅकअप म्हणून तर तो ठेवतच नाही, कारण तो त्याच एसएसडीवर असतो.

एलव्हीएसमध्ये ‘मेटा’ असाही एक रकाना आहे आणि तो पूलच्या नोंदवहीचा आहे. माझ्याकडे तो कधीच चिंतेचा झाला नाही, पण पुष्कळ स्नॅपशॉट ठेवणाऱ्यांकडे तो डेटाच्या आधी भरू शकतो, आणि तसे झाले तर दुखणे मोठे असते. वेळीच एलव्हीएक्स्टेंडला ‘पूल-मेटाडेटा-साइझ’ हा पर्याय देऊन एक जीबी वाढवावा.

त्रिकोण तोच, कारण वेगळे

पूल रिकामा असूनही आयओ-एरर येत असेल, तर मात्र डिस्कच्या प्रकृतीकडे वळावे. डिस्क स्वतःच्या प्रकृतीचे आकडे ठेवते त्या ‘स्मार्ट’च्या यादीत क्रमांक ५ आणि १९७ वाढत असतील तर डिस्क बदलण्याची वेळ आली आहे. फक्त १९९ वाढत असेल तर बहुधा सॅटा केबल दोषी असते. उलट, व्हीएम चालू आहे पण आतले प्रोग्रॅम ‘जागा नाही’ म्हणत आहेत, तर प्रश्न आतला आहे. उबुंटू सर्व्हर बसवताना एलव्हीएम निवडले असेल तर मध्यम आकाराच्या डिस्कची साधारण निम्मीच जागा रूटला मिळते. आतूनच व्हीजीएस पाहावे, उरलेली जागा तेथे पडलेली असते. डॉकर वापरत असाल तर त्याच्या लॉग फाइलींना मुळात कमाल मर्यादा नसते, ती डेमनच्या जेसन फाइलमध्ये घालावी लागते. डिस्कचा आकार वाढवणे सोपे आहे, कमी करण्याची सोय प्रॉक्समॉक्समध्ये नाही, म्हणून देताना हात आखडताच ठेवलेला बरा.

आणखी एक प्रकार, जो आमच्याकडे वीज गेल्यावर घडतो. वीज येते, सर्व्हर उठतो, पण यूएसबीवरची बॅकअप डिस्क सावकाश जागी होते आणि माउंट व्हायची राहते. रात्री बॅकअपची वेळ झाली की प्रॉक्समॉक्स त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे प्रत्यक्षात एसएसडीच्या रूटवर, बॅकअप लिहीत सुटते. सकाळी रूटचे ९६ जीबी भरलेले असतात आणि पासवर्ड बरोबर असूनही वेबच्या पडद्यावर लॉगिन होत नाही. अशा वेळी एसएसएचने आत जावे, डिस्क माउंट झालेली नाही याची खात्री करून मगच त्या फोल्डरमधील बॅकअप पुसावेत, आणि पीव्हीईएसएम सेट या कमांडने त्या स्टोरेजला ‘इज-माउंटपॉइंट’ हा पर्याय ‘येस’ करून द्यावा. त्यानंतर डिस्क जागेवर नसेल तर बॅकअप सरळ अयशस्वी होतो आणि त्याचा मेल येतो.

जूनमध्ये रेकॉर्डरची डिस्क मी जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या एका वेगळ्या हार्ड डिस्कवर हलवली. एसएसडीवर आता विंडोज आणि छायाचित्रे मिळून २२० जीबीच वाटलेले आहेत आणि पूल ३४६ चा आहे, त्यामुळे स्नॅपशॉट पडून राहिला नसेल तर दोन्ही व्हीएम काठोकाठ भरल्या तरी पूल भरणार नाही. हीटसिंकवरची गादी मात्र दर महिन्याला काढावीच लागते.